कोठीतला आवाज

अंगदने मोबाइल प्रियदर्शनीच्या समोर धरला आणि दोन बोटांनी चित्र मोठं केलं. खुर्चीवर बसलेली बाई आधीच डोक्यापासून पायापर्यंत धुरकट केलेली होती, ती पसरत पसरत पडद्याबाहेर गेली. उरली ती तिच्या मागे दोरीवर टाकलेली गोधडी.

"ही वळखता का, म्याडम?"

गेल्या वर्षीपर्यंत तो तिला ताई म्हणायचा. तिचे वडील, तातेराव गुरुजी, टेंभुर्णीच्या शाळेत शिकवायचे आणि अंगद त्यांच्या हाताखालून गेलेला. त्या नात्याने ती ताई. आज तिची म्याडम झाली, तेव्हाच प्रियदर्शनीला कळून चुकलं की हे बोलावणं चहाचं नाही.

गोधडी न ओळखण्याचा प्रश्नच नव्हता. बियाण्यांच्या रिकाम्या कापडी पिशव्यांचे तुकडे, त्यांतल्या एकावर कपाशीचं अर्धं बोंड अजून छापलेलं, आणि मधोमध आंब्याच्या रंगाचा मोठा चौकोन. तो चौकोन म्हणजे अंगदच्या वडिलांचा फेटा. ते गेल्यावर उषाबाईंनी, म्हणजे अंगदच्या आईने, तो कापून गोधडीत शिवला होता. गेलेल्या माणसाचं कापड असं पांघरुणात घेतात, त्यात नवल काही नाही. पण हा फेटा डोक्याला बांधून ते गृहस्थ आयुष्यभर गावात फिरले होते. टेंभुर्णीत असा माणूस नसेल ज्याला तो रंग ठाऊक नाही.

प्रियदर्शनीने बाईचा चेहरा, अंगावरची साडी, सगळं पुसलं होतं. नाव बदललं होतं. संगणकावर आवाजही असा जाडा करून घेतला होता की बाई आहे की पुरुष असा प्रश्न पडावा. जर्मनीतल्या ज्या विद्यापीठात ती वर्षभर अभ्यागत प्राध्यापक म्हणून माध्यमं शिकवत होती, तिथल्या मुलांना ती पहिल्याच तासाला सांगायची, चित्रातला माणूस सोडा, त्याच्या आजूबाजूला काय आहे ते आधी बघा. मुलं बिचारी बघायला लागली. शिकवणारी बाई स्वतः मात्र मागची गोधडी बघायला विसरली.

"मी ते तिकडून काढायला लावलंय, अंगद," ती म्हणाली. "माझी चूक झाली. मोठी चूक झाली."

"तिकडून काढून काय करता? इथं प्रत्येकाच्या फोनात हाये ते."

तेही खरंच होतं. गावातल्या बायका आणि त्यांच्या हातातला फोन, हा तिचा विषय. मागच्या उन्हाळ्यात ती घरोघर बसून बायकांशी बोलली, परवानगी घेऊन चित्रण केलं, आणि त्यातला एक तुकडा तिने तिकडच्या एका जाहीर व्याख्यानात दाखवला. विद्यापीठाने ते व्याख्यान नेटवर टाकलं. टाकू का म्हणून तिला विचारलंही होतं, आणि ती आनंदाने हो म्हणाली होती. पुण्याला कामाला असलेल्या गावच्याच एका पोराने ते पाहिलं, नेमका तो तुकडा कापला आणि गावाच्या ग्रुपवर सोडून दिला. सुट्टीसाठी ती घरी पोचते न पोचते तोच हे सगळं तिच्या आधी गावात येऊन बसलं होतं.

तुकडा लहानसा होता. त्यात बाई म्हणत होती, "दुपारी सगळे शेतात गेले का घर सामसूम व्हतं. मंग मी ज्वारीच्या कोठीत हात घालून फोन काढते. त्यात सीम न्हाई. मला कोणाला लावायचाच न्हाई. मी नुसती बोलते. ह्या घरात मला कोणी इचारत न्हाई, ते बोलते. बोलून झालं का एकदा ऐकते आन् पुसून टाकते."

ऐकणाराच नसलेलं माध्यम. तिकडच्या सभागृहात हे ऐकून शांतता पसरली होती, मग टाळ्या वाजल्या होत्या. एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी तर खास उठून तिचा हात हातात घेतला होता. त्या टाळ्यांची प्रियदर्शनीला आता मनापासून लाज वाटली.

कारण ती ज्वारी आत्ता तिच्या पायाशी होती. अंगदने सकाळी अख्खी कोठी घरात उलटी केली होती. फरशीवर गुडघाभर ढीग, आणि ढिगापाशी बसून त्याची बायको शीतल पाटीने ज्वारी परत भरत होती. डोक्यावरचा पदर कपाळाच्या खाली आलेला. ती एकदाही वर बघत नव्हती. पाटी भरण्याआधी मात्र ती दर वेळी ज्वारीत बोटं घालून चाचपायची, हे प्रियदर्शनीच्या लक्षात आलं. फोन सापडलेला नव्हता. अंगदला नाही आणि शीतललाही नाही.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उषाबाई तूर निवडत बसल्या होत्या. त्या अजून एक अक्षर बोलल्या नव्हत्या. सासूच ती, प्रियदर्शनीने आल्या आल्याच मनातल्या मनात त्यांना अंगदच्या बाजूला बसवून टाकलं होतं.

"चहा घ्या, म्याडम. गार होऊन राह्यला," अंगद म्हणाला.

चहा पाहुण्यांच्या नक्षीच्या कपात होता. याच घराच्या ओसरीवर कोनाड्यात तातेराव गुरुजींचा कप वेगळा ठेवलेला असायचा, ते दिवस प्रियदर्शनीने लहानपणी डोळ्यांनी पाहिलेले. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात या घराने आपल्याला आतल्या खोलीपर्यंत येऊ दिलं, सुनेशी एकटीने बोलू दिलं, याचं तिला फार अप्रूप वाटलं होतं. त्या विश्वासाचं आपण काय केलं, हे फरशीवर सांडलेलं होतं. तिने कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"काल रात्री एकानं ग्रुपवर टाकलं, 'अंगदभाऊ, यंदा कोठीत काय पिकलं?'" अंगद सांगू लागला. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. "सकाळी दूध घालायला गेल्तो, तिथंबी तेच. माणसं तोंडावर हसून राह्यली. माझं काय चुकलं, सांगा ना तुम्ही. खायला कमी न्हाई, ल्यायला कमी न्हाई. हात उगारला न्हाई कधी. आन् म्हनं ह्या घरात कोणी इचारत न्हाई."

"तिने तक्रार केली नाही, अंगद. ती जी कोणी आहे, ती फक्त..."

"जी कोणी?" तो हसला. "घरात बाया दोन. एक ही, एक आई. आईला फोन उचलायचा कोणता आन् ठेवायचा कोणता ते कळत न्हाई. मंग राह्यलं कोण?"

शीतलची पाटी क्षणभर थांबली आणि परत चालू झाली.

"तरीबी मी म्हनलं, खामखा आळ नको. म्याडमला इचारू. गुरुजींची लेक हाये, खोटं बोलणार न्हाई. तुम्ही एवढंच सांगा, ती शीतल व्हती का न्हाई."

"मी शब्द दिलाय सगळ्यांना. कुणाचंही नाव सांगणार नाही म्हणून."

"तुमच्या शब्दाला मी कोण न्हाई म्हणणारा? राहू द्या. गप राह्यल्या तर मी हो धरतो."

असा त्याने दोन्हीकडून दोर आवळला. नाही म्हणावं तर तो विचारणार, मग कोण? हो म्हणावं तर संपलंच. आणि गप्प बसणं म्हणजे हो. उघड्या दारातून अंगणातली जीप दिसत होती. मागच्या सीटवर निळी बॅग ठेवलेली होती, आणि तिच्यावर घडी घातलेली शाल. शीतलचं माहेर तीर्थपुरीला. बॅग कुणी भरली ते विचारायची गरज नव्हती; शालीची घडी पुरुषाच्या हातची होती.

"किती दिवसांसाठी?" प्रियदर्शनीने विचारलं.

"ते तिच्या भावाला इचारा. माझ्याकून कायमचं समजा." त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "प्रीती शाळेतून यायच्या आत निघायचं. तिनं बघितलं तर रडंल."

"मी लेकीला घेतल्याबिगर जाणार न्हाई," शीतल ढिगाकडे बघतच म्हणाली.

"प्रीती इथंच राहील."

"न्हाई जाणार म्हनलं ना."

"मंग फोन कुठंय सांग!" आता मात्र अंगदचा आवाज फुटला. "समदी कोठी पालथी घातली मी. त्यात सीम न्हाई म्हणती. कोण मानंल? कोणी दिला तुला? ज्याच्याशी बोलती त्यानंच नेला ना आता?"

शीतलने पहिल्यांदाच मान वर करून प्रियदर्शनीकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर बरं झालं असतं. राग नव्हता. तू आमच्या घरी येऊन मला बोलतं केलंस, आता तूच काहीतरी कर, एवढंच त्यात होतं. प्रियदर्शनीने बोलायला तोंड उघडलं. काय बोलणार होती, हे तिचं तिलाही माहीत नव्हतं.

"अंगद," उंबऱ्यावरून उषाबाई म्हणाल्या, "ती मी व्हते."

उषाबाईंनी तुरीतला एक खडा काढून बाजूला टाकला.

"आई, तू गप बस."

"गपच बसले की आजपस्तोर." त्यांनी सूप खाली ठेवलं, कमरेची चंची सोडली आणि तिच्यातून एक जुना, बटणांचा फोन काढला. पानाचा चुरा लागलेला होता, तो पदराने पुसला. "ह्यो घे. तू सकाळी कोठी उलटी करशील हे मला रातीच कळल्तं. तवाच काढून ठेवला."

अंगद उठला. त्याने फोन घेतला, बटणं दाबून पाहिली, मागचं झाकण उघडलं. सीमची जागा रिकामी होती. त्याने पुन्हा बटणं दाबली. लावलेले फोन नव्हते, आलेले नव्हते, कुणाचं नाव नव्हतं, काहीच नव्हतं. एवढ्या रिकाम्या फोनवर रागवायचं तरी कसं, ते त्याला समजेना.

"तुला चालवता येतो का ह्यो?"

"बोलायचं बटन एक, पुसायचं एक. त्याला काय कालेज शिकावं लागतं?"

"आन् काय बोलती तू ह्याच्यात?"

प्रश्न त्याने कुचेष्टेनेच विचारला होता. उषाबाईंनी मात्र तो सरळ घेतला.

"तुला आठवत नसंल. तू लहान व्हता, मळणी चालू व्हती," त्या म्हणाल्या. "माझी माय गेली. निरोप तुझ्या बापाला सकाळीच आल्ता. माणसं लावलेली, पाऊस आभाळात. त्यानं मला सांगितलंच न्हाई. दिवसभर मी मळणीवाल्यांच्या भाकरी थापल्या. हसतबी व्हते कोणाशी तरी. रास घरात पडल्यावर मला म्हनला, तुझी माय गेली बघ. मी गेले तवा सरण जळून गेल्तं. लोकं म्हणले, आत्ता आली व्हय." त्यांनी हातावरचा तुरीचा भुसा झटकला. "त्याचं चुकलं का न्हाई, मला ठावं न्हाई. पण मला कोणी इचारलं न्हाई, का बाई तुला तवा कसं वाटलं. त्यानं न्हाई, तू न्हाई. मंग मी भिंतीसंगं बोलायचे. आता फोनसंगं बोलते."

अंगद फोन हातात धरून उभाच होता. त्याचं तोंड एकदम लहान झाल्यासारखं दिसलं. प्रियदर्शनीला वाटलं, मळणीच्या त्या दिवशी हा ढिगावर उड्या मारत असेल, आणि आता त्याला तेच आठवत असेल.

तो म्हणाला, "ह्ये त्या व्हिडिओत न्हाई."

"त्यात कसं असंल? तिनं थोडंच घेतलंय. जास्तीचं कापून टाकलं." उषाबाईंनी प्रियदर्शनीकडे पाहिलं. "व्हय ना गं?"

अंगदही तिच्याकडे वळला. शीतलने पाटी हातातून खाली ठेवली.

प्रियदर्शनीने आजवर कुणाच्या तोंडी न बोललेला एक शब्द घातला नव्हता. कोण बोललं, काय बोललं, किती बोललं, यात कणभर फरक करायचा नाही, यावरच तिचा धंदा उभा होता. तिकडच्या मुलांना ती हे इतकं बजावायची की मुलं कंटाळायची.

"हो," ती म्हणाली. "काकूच होत्या. बरंच कापावं लागलं."

ते उच्चारल्यावर तिला भीती वाटली नाही, मोकळंच वाटलं, आणि त्याचंही तिला आश्चर्य वाटलं.

अंगदने तिच्याकडे पाहिलं. त्याला पटलं की नाही, देव जाणे. पण म्हाताऱ्या आईचं नाव घेऊन गाव हसू शकत नव्हतं, आणि त्यालाही तिच्यावर संशय घेता येत नव्हता; आईला काही कुणी जीपमध्ये बसवून माहेरी धाडत नाही. त्याने फोन आईच्या सुपात, तुरीवर ठेवला.

"मला म्हणली असती तर," तो एवढंच पुटपुटला. वाक्य पुरं न करताच त्याने चपला घातल्या. जीपपाशी थांबून त्याने बॅग काढली, ओसरीवर आणून ठेवली आणि मान खाली घालून विहिरीच्या वाटेला लागला.

शीतल उठली. पायाला चिकटलेली ज्वारी झाडली, बॅग उचलली आणि सासूसमोर येऊन उभी राहिली. तिला काहीतरी म्हणायचं होतं.

"आत्याबाई..."

"आधी ज्वारी भर. पोरगी येईल शाळेतून, पाय घसरंल तिचा."

शीतल आत गेली. तिच्या रडण्याचा आवाज आला आणि लगेच पाटीचाही आला.

उषाबाई प्रियदर्शनीला सोडायला फाटकापर्यंत आल्या. ऊन कललं होतं. गोठ्यात म्हैस ओरडत होती. फाटकापाशी प्रियदर्शनीने त्यांचा हात धरला. तिचे डोळे भरून आले होते.

"काकू, तुमचे उपकार कसे फेडू मी? शीतलसाठी तुम्ही एवढं खोटं..."

"खोटं कोणतं?"

प्रियदर्शनी गोंधळली. "म्हणजे, ते तुम्ही बोलला नव्हतात ना. मला बोलली ती..."

"ती बोलली ते मला ठावं हाये. मी ऐकलंय समदं, गोठ्याच्या भिंतीला टेकून. पल्याड आतलीच खोली. फोनबी तवापासून ठावं." उषाबाईंनी हात सोडवून घेतला, रागाने नाही, पदर सारखा करायला. "मी बोलले त्यातलं काय खोटं व्हतं?"

प्रियदर्शनीने वळून गोठ्याच्या भिंतीकडे पाहिलं.

"तू आल्ती त्या दिवशी मी घरातच व्हते. तू मला म्हनली, काकू, तुम्ही जरा बाहेर बसता का, सुनांना सासूसमोर बोलता येत न्हाई. म्हनलं, बराबर हाये. न्हाईच येत." त्या सहज सांगत होत्या, पाऊसपाण्याचं सांगावं तसं. "मी गोठ्यात गेले. मंग मागच्या दारानं आत येऊन लुगडं बदललं, चांगलं नेसले. केसाला तेल लावलं. म्हनलं, पोरगी घरोघर बायांना इचारून राह्यली, हिचं झालं का मला हाक मारील. फोटुबी काढील."

म्हैस पुन्हा ओरडली.

"दिवस मावळस्तोर बसले. तू तशीच निघून गेली. शीतल म्हनली, आत्याबाई, आज नवं लुगडं? म्हनलं, उगंच."

प्रियदर्शनीला तो दिवस आठवला. निघताना ती फार खूश होती. गोठ्यापाशी कुणीतरी बाई बसलेली दिसली होती, आणि सासूने काही ऐकलं नाही ना, एवढीच तिला काळजी वाटली होती. तिने मान वळवून नमस्कारसुद्धा केला नव्हता. आता फाटकाची कडी हातात धरून ती उभी राहिली.

"जाय आता. गुरुजी वाट बघत असतीन," उषाबाई म्हणाल्या आणि गोठ्याकडे वळल्या.

"काकू," तिने मागून विचारलं, "उद्या येऊ?"

उषाबाई थांबल्या. घराकडे एकदा पाहिलं, विहिरीच्या वाटेकडे एकदा. मग आवाज खाली करून म्हणाल्या,

"दुपारून ये. अंगद शेतात गेल्यावर."